कुरवंजीच्या तोंडी जगाचा भूगोल

१/ महाराष्ट्रात दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील या दोन देशांचा तुलनात्मक अभ्यास असतो. ॲमेझॉनचे खोरे मुलांना ठाऊक होते. पण बातम्यांत एखाद्या दूरच्या युद्धाचे नाव आले, की नकाशावर बोट कुठे ठेवावे हे पुष्कळांना कळत नाही. मग जग शिकवायचे ते कसे? दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाने या प्रश्नाला दिलेले उत्तर आजही विचार करण्यासारखे आहे.

२/ तंजावरचे दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांची सत्ता किल्ला आणि त्याच्या परिसरापुरती उरली.

३/ जगाची ओळख मात्र त्यांना बालपणीच झाली होती. त्यांचे पालक आणि गुरू श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी. त्यांचे जन्मगाव तेव्हा प्रशियात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. १७५० मध्ये ते तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत आले आणि पुढे त्यांनी एका इंग्रज संस्थेसाठी काम केले.

४/ राजांनी पाठशाळा काढल्या, देवनागरी छापखाना उभारला. १८०६ मध्ये इसापच्या कथा ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने तेथे मराठीत छापल्या गेल्या. आणि भूगोलासाठी राजांनी नाटक लिहिले: ‘देवेंद्र कुरवंजी’.

५/ कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. डोंगरात राहणारी, गावोगाव हिंडून भविष्य सांगणारी स्त्री त्यात विरहिणी नायिकेला भेटते आणि आपण पाहिलेल्या मुलखाचे वर्णन गाते. राजांनी साचा तोच ठेवून मुलूख वाढवला. त्यांची कुरवंजी मराठीतून आशिया, युरोप, आफ्रिका आणि अमेरिकेची माहिती सांगते.

६/ नावांची यादी येथेही आहेच. परंतु ती सांगणारी स्त्री भटकी आहे आणि ऐकणारीला तिच्याकडून काही जाणून घ्यायचे आहे. त्यामुळे प्रत्येक नावाला वाट मिळते. ब्राझीलच्या पाठ्यपुस्तकाचा पहिला पाठ ‘क्षेत्रभेट’ आहे, तो याच जाणिवेने. परीक्षेच्या धाकात ही वाट पुसली जाते आणि राजधान्यांची नावे तेवढी उरतात; तीही निकालानंतर विसरली जातात.

७/ ज्या राजाचा मुलूख किल्ल्याच्या तटापर्यंत आक्रसला, त्याने आपल्या भाषेत चार खंडांचा भूगोल आणला. राज्य घेणारे कोठून आले, हे नकाशावाचून कळणार नव्हते. ती गरज आजच्या विद्यार्थ्यालाही आहे.