मोटार उचलत नाही तेव्हा

गोंडपिपरी तालुक्याच्या एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला वैनगंगा. दक्षिणेला दोघी भेटतात आणि प्राणहिता होऊन पुढे जातात. या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात धानाच्या बांध्या आहेत, कापूस आहे, मिरची आहे, आणि धुऱ्याला लागून जंगल आहे. 2021 मध्ये झालेले कन्हाळगाव अभयारण्य इथलेच. शेतीची थ्री फेज लाईन पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या दिवसांत हिरवे बटण दाबायला वावरात जायचे म्हणजे साप, रानडुक्कर आणि वाघ यांच्या वाटेवरून जायचे. थंड मुलखांत बाहेर पडण्याआधी इंजिन तापलेले असावे म्हणून लोक घरात बसून गाडी सुरू करणारा रिमोट बसवतात. इथे तीच युक्ती विहिरीवरच्या मोटारीला लागली, पण ती जिवाच्या भीतीने लागली. सिमकार्ड घातलेली एक लहान पेटी जुन्या स्टार्टरशेजारी ठोकायची, मोजक्या वायरी जोडायच्या, आणि घरून फोन लावायचा. बरेच शेतकरी ही जोडणी स्वतःच करतात, आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न उभा राहतो तो फोन लागूनही मोटार उचलत नाही तेव्हा.

अशा वेळी पहिला संशय नव्या पेटीवर जातो. पण ही पेटी करते काय, हे एकदा नीट पाहावे. तिची एक जोडी वायर हिरव्या बटणाच्या बगलेत बसते आणि फोन आला की काही क्षण बटण दाबल्यासारखे करते; दुसरी जोडी लाल बटणाच्या रांगेत बसते आणि बंद करायचे असेल तेव्हा वाट तोडते. एवढेच तिचे बोट. मोटार दोन-तीन सेकंद फिरून पडली, तर हिरव्या बटणाचे काम झाले आहे. स्टार्टरची कॉइल स्वतःला धरून ठेवते तो लहान संपर्क जुळलेला नाही, किंवा लाल बटणाची वायर भलत्या खिळ्यावर गेली आहे. फोनच लागत नसेल तर अनेकदा कारण आणखी साधे असते: रिचार्ज संपलेला, नाहीतर अँटेना लोखंडी डब्याच्या आत कोंडलेला. जंगलाकडच्या गावांत रेंज आधीच पातळ, त्यात पत्र्याचा आडोसा. अँटेना बाहेर काढला की पेटी बोलू लागते. सर्वांत फसवा फॉल्ट मात्र वेगळा. हाताने बटण दाबले तर मोटार छान पाणी देते, पण पेटी फेज उलटे असल्याचे सांगून नकार देते. मोटार सरळ फिरत असते. पेटीकडे गेलेल्या तीन बारीक वायरींपैकी दोन अदलाबदल झालेल्या असतात. तिथे पेटीच्याच दोन वायरी बदलायच्या. घाईत स्टार्टरला येणाऱ्या लाईनच्या वायरी बदलल्या, तर पेटी खूश होते आणि मोटार उलटी फिरू लागते.

माझे म्हणणे या नकाराविषयी आहे. मोटार उचलत नाही म्हटल्यावर नकार देणारी वायरच बगलेतून जोडून टाकण्याची सवय पडली आहे, आणि रिमोट बसवल्यावर ती जास्त घातक होते. पूर्वी बटण दाबणारा माणूस मोटारीजवळ उभा असे. तिची गुणगुण त्याच्या कानाला कळे, तापलेल्या वार्निशचा वास नाकाला कळे, पाइपातली धार बारीक झाली की तो लाल बटणावर हात ठेवी. रिमोटने माणूस घरी आणला, म्हणजे ते कान, नाक आणि डोळेही घरी आले. त्यांच्या जागी आता पेटीतले फेज पाहणारे आणि पाण्याविना फिरणाऱ्या मोटारीचा कमी करंट ओळखणारे सर्किट उभे आहे. साध्या स्टार्टरची कॉइल दोन फेजवर चालते. तिसरा गेला तरी ती धरून राहते, आणि ओव्हरलोड रिले नीट लावलेला नसेल तर वायंडिंग जळते. गाडीच्या रिमोटलाही गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खूण लागते. ती खोटी दिली तर रिकामी गाडी अंगणातून पुढे उडी घेते.

यावर शेतकऱ्याचे उत्तर असते, आणि ते खरे असते: लाईनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज कधीच पुरे नसते, पेटीचे ऐकत बसलो तर बांध्या भेगाळतील. रोवणीच्या दिवसांत हा युक्तिवाद कोणालाही सहज खोडता येणार नाही. काही पेट्यांत व्होल्टेजची खालची मर्यादा थोडी उतरवता येते, तेवढी उतरवावी. पण त्याखाली ओढलेली मोटार जास्त करंट खाते आणि तापते. मग रिवाइंडिंगचे पैसे जातात आणि धान तहानलेले असताना दिवसही जातात. शिवाय व्होल्टेज का पडते, याचा एक धागा लाईन येताच मोटार आपोआप सुरू करणाऱ्या आपल्याच ऑटोस्विचपाशी पोचतो. लाईन आली की एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. डीपी जळाला की सगळ्यांचेच पाणी थांबते. पेटीत लाईन आल्यावर थोडे थांबून सुरू होण्याची सोय असते. शेजाऱ्यांनी ती वेगवेगळी लावली तर तोच डीपी बराच हलका होतो. आता दिवसा सौर वीज मिळेल, मग रिमोट कशाला, असेही कोणी म्हणेल. 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याच दिशेने चालली आहे, आणि ती लवकर प्रत्येक वावरात पोचावी असे मनापासून वाटते. पण दिवसाउजेडीही मोटार दूर असते, आणि फेज दिवसाही जातो.

राहिला मिस्त्री. तो दूर असतो, हंगामात सापडत नाही, म्हणून स्वतः स्टार्टर उघडावा लागतो. पण आत चारशे पंधरा व्होल्ट आहेत, आणि आता एक जास्तीचा धोकाही आहे. पेटीत नोंदवलेला नंबर घरात कोणाकडे तरी असतोच, आणि लाईन आल्याचे पाहून ते माणूस प्रेमानेच फोन लावते. म्हणून डब्याचे झाकण काढण्याआधी तिन्ही किटकॅट फ्यूज उपसावेत, कुठे वीज उरली नाही ना हे टेस्टरने पाहावे, आणि काम होईपर्यंत ते किटकॅट आपल्याच खिशात ठेवावेत.