गाव विलीन झालं, सभागृह राहिलं

दोस्तांनो, उद्या तुमचं गाव शेजारच्या मोठ्या शहरात सामील झालं, तर? घरं, रस्ते, झाडं सगळं जागच्या जागी. पण गावचा कारभार मात्र दुसरीकडून! फिनलंडमधल्या सॅयनात्सालोवर हीच वेळ आली. चला, तिथं एक चक्कर मारून येऊ.

सॅयनात्सालो हे पाइयान्ने सरोवरातलं एक बेट. पाइनची उंच झाडं आणि प्लायवूडचा कारखाना, ही त्याची ओळख. १९२४ मध्ये इथं स्वतंत्र नगरपालिका झाली. वस्ती जेमतेम तीन हजार. पण हौस बघा! १९४९ मध्ये नगरगृहासाठी स्पर्धा ठेवली. ती जिंकली फिनलंडचे थोर वास्तुकार आल्व्हार आल्टो यांनी. १९५२ मध्ये लाल विटांची इमारत उभी राहिली. नुसती कचेरी नव्हे बरं का. वाचनालय आणि दुकानंसुद्धा तिच्यातच!

आता या पायऱ्यांवरून वर चला. जरा जपून! या पायऱ्या दगडाच्या नाहीत, लाकडी फळ्यांनी अडवलेल्या मातीच्या आहेत, वर चक्क गवत वाढलंय. वर आलं की चौक. मग विटांच्या भिंतींमधली अरुंद, काळोखी वाट. ती वळत वळत सभागृहात नेते. मान वर करा. छपराखालचे लाकडी वासे पंख्यासारखे पसरलेत ना?

सभागृहाची उंची १७ मीटर. 'एवढ्याशा गावाला एवढा थाट कशाला?' असं कुणीतरी विचारलंच. त्यावर आल्टो म्हणे म्हणाले, इटलीतल्या सिएनाचं सभागृह १६ मीटर उंच आहे, मग आपलं १७ का नको? गोष्ट मोठी गमतीची. पण त्यातला अर्थ लहान नाही. गाव छोटं असलं, तरी तिथल्या लोकांनी एकत्र बसून घेतलेला निर्णय छोटा नसतो!

१९९३ मध्ये सॅयनात्सालो शेजारच्या युवास्क्युला शहरात विलीन झालं. गावची सभा संपली. ज्या दालनात कारखान्यातले कामगार आपल्या गावाचं भलंबुरं ठरवायचे, ते दालन आता जगभरातले पाहुणे बघायला येतात. इमारत वाचली, याचा आनंद वाटतो. आणि सभा उठून गेली, याची चुटपुटही लागते.

तुमच्या गावची ग्रामसभा कुठं भरते, ठाऊक आहे? नसेल, तर एकदा जाऊन बघाच. छप्पर १७ मीटर उंच नसलं, म्हणून काय झालं?