गाणं कुणाचं?

आमच्या समूहगानाच्या गटात माझा आवाज बेताचाच, म्हणून निवेदन माझ्याकडे. गीत कुणाचं, चाल कुणाची, एवढं सांगायचं आणि बाजूला व्हायचं. प्रेक्षक तेवढ्यात खोकून घेतात. ढोलकीवाले दादा तर सरळ म्हणतात, "ताई, आवरा आता." एकदा तालमीत कुणीतरी 'द वीव्हर्स ॲट कार्नेगी हॉल' ही 'वीव्हर्स' या अमेरिकन लोकगीत-गटाची जुनी ध्वनिमुद्रिका लावली. चार गळे एकमेकांना न झाकता कसे गातात ते ऐकावं, एवढाच हेतू होता.

ते ऐकलंच. ली हेजचा खर्ज, फ्रेड हेलरमनची गिटार, पीट सीगरचा बँजो आणि या सगळ्यांवरून मोकळा निघणारा रॉनी गिल्बर्टचा आवाज. पण मला टाळ्यांनी धरून ठेवलं. पहिल्या गाण्याच्या मानाने त्या फारच मोठ्या वाटत होत्या. मग कळलं, की ही २४ डिसेंबर १९५५ ची मैफल. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चौघांना काळ्या यादीत टाकलेलं. कार्यक्रम बंद, रेडिओ बंद; १९५२ मध्ये गटच मोडला, आणि या मैफलीसाठी तो पुन्हा जमला. मैफलीच्या चारच महिने आधी सीगर संसदीय चौकशी समितीपुढे उभा राहिला होता आणि आपल्या राजकीय संबंधांबद्दल बोलायला त्याने साफ नकार दिला होता. तिकीट काढून येणंसुद्धा तेव्हा एक बाजू घेण्यासारखंच असणार. ध्वनिमुद्रिका १९५७ मध्ये निघाली.

आणि एवढ्या अवघड वेळी ही मंडळी गातात काय, तर बरीचशी दुसऱ्यांची गाणी. 'सिक्स्टीन टन्स' मर्ल ट्रॅव्हिसचं, कंपनीच्याच दुकानाच्या उधारीत रुतलेल्या केंटकीतल्या कोळसा-कामगाराचं. 'गुडनाइट आयरीन' लोकगायक लेड बेलीकडून आलेलं. त्याचं निधन १९४९ च्या डिसेंबरात झालं आणि पुढच्याच वर्षी वीव्हर्सनी गायलेलं हे गाणं तेरा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याला ते पाहायला मिळालं नाही. त्यानेही ते घरच्या वडीलधाऱ्यांकडून उचललेलं, म्हणजे माग काढावा तर आणखी मागे जावं लागतं.

'विमोवे'ने मात्र माझी झोप उडवली. काय ती सीगरची वरच्या पट्टीतली तान! मूळ गाणं जोहान्सबर्गमध्ये १९३९ साली ध्वनिमुद्रित झालेलं 'म्बुबे'. गायक-रचनाकार सॉलोमन लिंडा, झुलू माणूस. वीव्हर्सच्या लोकगीतांवर, आणि याही गाण्यावर, श्रेयासाठी 'पॉल कॅम्पबेल' असं नाव लागायचं, आणि या नावाचा माणूसच अस्तित्वात नव्हता! लिंडाचं नाव कळल्यावर सीगरने त्याला हजार डॉलरचा धनादेश पाठवला, हेही खरं. पण हे गाणं पुढे नव्या रूपात जगभर वाजत राहिलं आणि लिंडा १९६२ मध्ये गरिबीतच गेला. स्वामित्वहक्काच्या दाव्यात त्याच्या मुलींच्या बाजूने तडजोड व्हायला २००६ उजाडलं.

मला राहून राहून आपले अभंग आठवत होते. तिथे गायकाला पळवाट नाही. शेवटच्या चरणात तुकोबांचं, नामदेवांचं, जनाबाईचं नाव येतंच. ते घेतल्याशिवाय अभंग पुरा होत नाही. शाहिरांनीही शेवटच्या कडव्यात आपलं नाव बांधून ठेवलं. आमच्या संतांना स्वामित्वहक्काचं काय सोयरसुतक! तरीही नाव टिकलं, कारण ते सुरात बसवलेलं होतं. (त्या नावाखाली दुसऱ्यांनीही रचना खपवल्या, तो भाग वेगळा.)

वीव्हर्सवर माझा राग नाही. त्यांच्या गळ्यातून ही गाणी गेली नसती, तर माझ्यापर्यंत लिंडाचं नावही आलं नसतं. पण त्या तालमीनंतर आमच्या वहीतल्या 'पारंपरिक' या शेऱ्यांवर मी खुणा करायला घेतल्या. दोन-तीन गाण्यांचे कवी तर सहज सापडले. एवढी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

आता आमच्या गटाला 'विमोवे' गायचंय, शेवटची फर्माईश म्हणून. मी म्हटलं, गा, पण आधी मी लिंडाबद्दल बोलणार. दादांनी ढोलकी आवळता आवळता विचारलं, "किती वेळ?" मी म्हटलं, दोन मिनिटं. "एक," ते म्हणाले. घासाघीस चालू आहे.