झोपलेला वेल

आमच्या टिळकवाडीतल्या घराच्या सोप्यात, मातीच्या कुंडीत एक कासव बसलंय असं नव्या पाहुण्याला वाटतं. ते कासव नव्हे, वेलाचा कंद आहे. निम्मा मातीच्या वर, बुचासारखी करडी साल, तिला भेगा पडून कासवाच्या पाठीसारखे तुकडे उमटलेले. नाव डायोस्कोरिया एलिफंटिपीस, म्हणजे हत्तीच्या पायाचा. शेजारच्या अक्कांना मी कौतुकानं 'आनेकालु' म्हणून सांगितलं, तर त्या घाबरून म्हणाल्या, "यारिगे आगैतिरी?" आनेकालु म्हणजे हत्तीरोगसुद्धा, हे मी विसरलेच होते!

हा मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातला. कुळी आपल्या कोनफळाची आणि करांद्याची. तिकडचे खोईखोई लोक पूर्वी तो शिजवून खात. कच्चा मात्र विषारी. कंदाचे तुकडे लावून रोप होत नाही, बीच पेरावं लागतं. २००६ साली एका परिचितांनी दिलेल्या पाच बियांतून माझी दोन रोपं जगली. वाढ इतकी सावकाश, की आज कंद जेमतेम नारळाएवढा आहे.

याचं वेळापत्रक आपल्या झाडांच्या उलट. गणपतीच्या आगेमागे कंदाच्या डोक्यातून कोंब फुटतो, दिवाळीपर्यंत बदामाच्या आकाराच्या पानांचा नाजूक वेल दोरीवर चढतो आणि थंडीभर हिरवा राहतो. चैत्रात पानं पिवळी पडतात, वेल वाळतो. मग पाणी जवळजवळ बंद. वाळू आणि विटांचा चुरा मिसळलेली माती हवी, आणि बेळगावच्या जून-जुलैत कुंडी पागोळ्यांपासून लांब.

२०१० च्या मे महिन्यात मी आठ दिवस माहेरी खानापूरला गेले होते. आमच्या अत्ती, म्हणजे सासूबाई, धारवाडकडच्या. वाळलेलं झाड बघून त्यांना राहवेना. "नीर हाकिल्लेन?" असं पुटपुटत त्यांनी दोन्ही कुंड्यांना रोज तांब्याभर पाणी घातलं. मी परत आले तर एका कंदावर बोट टेकताच ते आत गेलं. वास सुटला होता.

मी नको ते बोलले. "या घरात माझं म्हणून एक तरी राहू द्या," असंही बोलले, आणि तेही मराठीत. कानडीत बोलताना मी शब्द शोधत बोलते, थोडी मऊ बोलले असते. अत्ती गप्प राहिल्या. चार दिवस नुसतं वाढणं आणि जेवणं.

दुसरा कंद मी मातीतून काढून कोरड्या वाळूत ठेवला, तो वाचला. पुढच्या चैत्रात वेल वाळला, तर कुंडीत त्या लहानशा कंदावर अत्तींचं फुलपात्र पालथं घातलेलं! पाणी घालायचं नाही, याची खूण. शेजारची पोरं कुंडीशी खेळायला लागली की त्या दटावायच्या, "मलगैति, एब्बिसब्याड." झोपलंय, उठवू नको. दरवर्षी हेच.

२०१९ च्या डिसेंबरात अत्ती गेल्या. वेल तेव्हा भरात होता. त्या बोलण्याबद्दल मी कधी माफी मागितली नाही, त्यांनीही विषय काढला नाही.

आता कंद फुलपात्रात मावत नाही. तरी चैत्रात मी ते त्याच्या शेजारी पालथं ठेवते. यंदा सुटीला आलेल्या नातीनं विचारलं, "अज्जी, हे झाड मेलं का गं?"

माझं उत्तर कानडीतच आलं.