कुडा नावाचं चित्र सापडत नाही

टेकडीवरच्या झाडाझुडपांचे दीडशेच्या वर फोटो होते. प्रत्येकाखाली झाडाचं मराठी नाव टाकून ते छापायला द्यायचे आणि जवळच्या शाळेच्या व्हरांड्यात लावायचे, असं आमच्या गटाचं ठरलं. फोटो उघडायचा, चौकोन ओढायचा, नाव टाइप करायचं, सेव्ह करायचं. मी कामाला लागलेही होते. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा डोकावला आणि म्हणाला, "काकू, असं किती दिवस करणार? इमेजमॅजिक नावाचा प्रोग्राम घ्या. एक ओळ लिहायची, की झालं." माझ्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू त्यानेच बसवून दिलं होतं. त्याने काळी खिडकी उघडली, एक नमुन्याची ओळ लिहून दिली आणि परीक्षा आहे म्हणून पसार झाला. जाता जाता एवढंच बजावलं, "मॉग्रिफाय नावाच्या आज्ञेला हात लावू नका, ती मूळ फोटोवरच लिहिते."

ओळ वाचायला सोपी होती. आधी 'कन्व्हर्ट', मग फोटोचं नाव, मग 'ग्रॅव्हिटी साऊथ' म्हणजे मजकूर खाली मध्यभागी, मग अक्षरांचा आकार, रंग, 'अ‍ॅनोटेट' आणि त्यापुढे लिहायचा मजकूर. शेवटी नव्या फाइलचं नाव. पहिला फोटो पांढऱ्या कुड्याचा होता. मी 'पांढरा कुडा' लिहून एंटर दाबलं. उत्तर आलं ते असं, की 'कुडा' हे चित्र उघडता येत नाही.

अरे, पण कुडा उघड म्हटलं कोणी? मी टेबलापाशी बसून तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. मजकुराला अवतरणचिन्हं नसतील तर मधली मोकळी जागा दिसली की मजकूर संपला, असं ही खिडकी धरून चालते. 'पांढरा' हे लेबल ठरलं आणि उरलेला बिचारा कुडा हार्ड डिस्कवर शोधला जात होता. नुसतं 'कुडा' लिहून भागण्यासारखं नव्हतं, कारण टेकडीवर काळा कुडाही आहे. फुलं दोघांचीही पांढरी, फक्त काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात.

अवतरणचिन्हं दिली, तर फोटोवर प्रश्नचिन्हांची रांग उमटली. मूळचा फॉन्ट इंग्रजी, त्यात देवनागरी अक्षरंच नव्हती. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट नाव घेऊन सांगितला. आता अक्षरं आली, पण मोहरीएवढी. चार हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोवर चोवीसचा आकार दिसणार तरी किती! आकार वाढवला. मग लेबलामागे अर्धपारदर्शक काळी पट्टी हवी म्हणून तिचा रंग हॅश लावून लिहिला आणि पट्टी, मजकूर, नवी फाइल, काहीच झालं नाही. शेल नावाचा जो मधला दुभाष्या आहे, तो सुट्या हॅशपुढचं सगळं 'ही टीप आहे' म्हणून सोडून देतो. त्यालाही अवतरणचिन्हं. उभ्या फोटोंवर नाव खाली न येता कडेला आडवं पडलेलं दिसलं. फोन फोटो आडवाच साठवतो आणि 'दाखवताना फिरवा' अशी नोंद सोबत ठेवतो. 'ऑटो-ओरिएंट' हा शब्द आधी घातला की चित्र खरोखरच फिरतं, मग नाव जागेवर येतं.

हे सगळं पचलं. खरी मजा निर्गुडीला आली.

निर्गुडीची ऱ्हस्व वेलांटी 'न'च्या आधी न येता नंतर, 'र'ला चिकटून बसली होती. रफार 'ग'च्या डोक्यावर चढलाच नव्हता. 'र' पाय मोडून खाली उभा. काटेसावर नीट, पळस नीट, बहावा नीट. अग्निशिखा बिघडली, चित्रक बिघडला. म्हणजे जिथे जोडाक्षर किंवा ऱ्हस्व वेलांटी, तिथे घोटाळा.

संगणक आपलं लिखाण उच्चाराच्या क्रमाने साठवतो. 'नि' म्हणजे आधी 'न', मग वेलांटी. पडद्यावर ती वेलांटी उचलून डावीकडे नेणं, रफार वर चढवणं, 'त' आणि 'र' यांचा 'त्र' करणं हे काम आणखी कोणीतरी करत असतं. ब्राउझरमध्ये, फोनवर ते आपल्याला कळतही नाही. माझ्या लॅपटॉपवरच्या इमेजमॅजिकच्या बांधणीत मात्र 'अ‍ॅनोटेट'ला हा मदतनीस जोडलेलाच नव्हता, अक्षरं आली तशी ओळीने मांडली जात होती. त्या मदतनिसाचं नाव राक्म. आवृत्ती विचारली की सोबतच्या लायब्रऱ्यांची यादी येते, तीत राक्म नव्हतं, पण तेच काम करू शकणारं पँगोकैरो होतं.

इमेजमॅजिक हा प्रोग्राम जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्यूपाँ कंपनीत असताना लिहायला घेतला. तेव्हा प्रश्न होता तो फक्त २५६ रंग दाखवणाऱ्या पडद्यावर चांगली चित्रं कशी दाखवायची हा. १९९० मध्ये त्यांनी तो सगळ्यांना फुकट दिला. निर्गुडी त्यांच्या ध्यानीमनी असायचं कारण नव्हतं, आणि तरी वाट निघाली याचंच मला नवल वाटतं. 'अ‍ॅनोटेट' सोडून 'पँगो' म्हणायचं. नावाची वेगळी छोटी पट्टी तयार करायची आणि ती फोटोवर चिकटवायची. कंस लागतात, त्यांच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, नाहीतर शेल रागावतो. पण निर्गुडी निर्गुडीसारखी आली. मी तो फोटो मोठा करकरून रफार बघत होते.

पँगोत तिरप्या अक्षरांची खूणही चालते, म्हणून मराठी नावाखाली रोमन लिपीत शास्त्रीय नाव बसवता आलं. नावांची यादी एका फाइलीत, एका ओळीत एक झाड, आणि ओळींमागून ओळी वाचणारं चक्र. तेवढं मात्र परीक्षा संपल्यावर शेजारच्याकडूनच लिहून घेतलं.

छपाईला देण्याच्या आदल्या संध्याकाळी गटातल्या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त बाई यादी तपासायला आल्या. पांढऱ्या कुड्यापाशी थांबल्या. "होलॅरिना अँटिडिसेंटेरिका जुन्या पुस्तकांत असतं गं. आता होलॅरिना प्युबेसन्स लिहितात. फार त्रास होईल का बदलायला?"

मी यादीतली ती ओळ बदलली, एंटर दाबलं आणि त्यांना विचारलं, चहात साखर किती घालू.