भिलाईची माती

नागपूरहून हावड्याच्या मार्गाने निघालं की दरेकसाचा बोगदा आणि डोंगरगडची बम्लेश्वरीची टेकडी मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर कातळ दिसत राहतो. पुढे जमीन सपाट होते आणि शिवनाथ ओलांडून गाडी दुर्गला लागते. अठराव्या शतकात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. दुर्ग-राजनांदगावात मराठी घरं अजून आहेत. शेजारचं भिलाई मात्र अलीकडचं. १९५५ साली इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं आणि कारखान्यालगत एकेक सेक्टर वसत गेला.

सेक्टरांतले रुंद, सावलीचे रस्ते संपले की नव्या इमारतींची कामं दिसू लागतात. एका प्लॉटवर पायाचा खड्डा उघडा होता. वर काळी माती, तिला बोट शिरेल एवढ्या भेगा; खाली पिवळट मुरूम. ‘कन्हार है,’ मिस्त्री म्हणाला. छत्तीसगडचा शेतकरी भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशी माती ओळखतो. ओल धरणारी काळी कन्हार त्याला हवीच असते. बांधणाऱ्याला ती नको, कारण पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पाया वर-खाली करते. अशा मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने बुडाशी फुगीर असलेले पाईल रूढ केले. ते साधारण साडेतीन मीटर खाली, जिथे ओल फारशी बदलत नाही, तिथे रोवतात.

भूकंपात मातीचा हिशेब आणखी वेगळा. कातळातून आलेली लाट मऊ गाळात शिरली की तिचा वेग मंदावतो आणि हेलकावा वाढतो. झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का मिळावा, तसा तो इमारतीच्या स्वतःच्या झोक्याशी जुळला की घात होतो. १९८५ साली भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर असताना मेक्सिको सिटीत जुन्या तळ्याच्या गाळावरच्या मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या. २००१ साली भुजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरांहून दूरच्या अहमदाबादेत साबरमतीच्या गाळावरचे अपार्टमेंट पडले. खाली पार्किंगसाठी नुसते खांब ठेवल्याचीही त्यात भर होती.

भिलाईखाली तसा खोल गाळ नाही; चुनखडी आणि शेलचा जुना खडक आहे. २०१६च्या भारतीय मानकात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन दोनमध्ये येतो. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेपर्यंत लातूर जिल्ह्यातली किल्लारीही तेव्हाच्या सर्वांत सुरक्षित, पहिल्या झोनमध्येच होती. त्या पहाटेच्या भूकंपात तिथे दगडमातीच्या जड भिंतींनी हजारोंचा जीव घेतला. पुढे २००२ साली पहिला झोनच रद्द झाला.

झोन अख्ख्या टापूचा असतो, माती मात्र प्लॉटागणिक बदलते. एकाच इमारतीचे काही खांब खडकावर आणि काही कन्हारवर असले, तर धक्क्यात ती सारखी हलणार नाही. म्हणून भिलाईत असो वा लातुरात, घर घेताना फरशी आणि नळ बघण्याआधी बिल्डरकडे माती परीक्षणाचा अहवाल मागा आणि पाया कोणत्या थरावर टेकलाय, ते विचारा.