संकेतस्थळाचे नूतनीकरण आणि देवनागरीची अक्षरे

बल्लारपूर

प्रिय भाऊसाहेब,



आपल्या वैयक्तिक संकेतस्थळाला नवे रूप देण्याचा आपला विचार स्वागतार्ह आहे. तथापि जुन्या मराठी संकेतस्थळाच्या बाबतीत रंग, चित्रे आणि मांडणी यांच्या आधी, त्यातील अक्षरे संगणकात कोणत्या रूपाने साठवलेली आहेत हे पाहावे लागते, आणि नेमके तेच बहुधा सर्वांत शेवटी पाहिले जाते.

युनिकोड, म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धती, १९९१ मध्ये सिद्ध झाली आणि तीत देवनागरीला आरंभापासूनच स्थान होते. परंतु घरोघरच्या संगणकांवर ती पोहोचायला विंडोज २००० आणि तिच्यासोबत आलेला, र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फॉन्ट यांची वाट पाहावी लागली. तोपर्यंतच्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. कृतिदेव या अशाच एका जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला ‘किल्ला’ हा शब्द फाईलमध्ये एफ, डी, वाय, वाय, के अशा पाच रोमन अक्षरांचाच असतो, ज्यांतले पहिले वाय तेवढे मोठ्या लिपीतले; त्यामुळे ज्या वाचकाकडे तो फॉन्ट नाही त्याला पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि शोधयंत्राला बल्लारपूरचा किल्ला त्या पानावर सापडतच नाही.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना केवळ अक्षरास अक्षर लावून भागत नाही, कारण जुना फॉन्ट डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने चालतो आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ‘किल्ला’तील ऱ्हस्व वेलांटी पूर्वी ‘क’च्या आधी टंकली जाई, ती आता त्याच्यानंतर साठवावी लागते, उलट ‘वर्धा’तील रफार पूर्वी शब्दाच्या अगदी शेवटी येई, तो ‘ध’च्या आधी न्यावा लागतो. परिवर्तक, म्हणजे हे काम करणारी आज्ञावली, ही हलवाहलव करतो. मात्र हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या परिवर्तकात मराठीचा अर्धा ‘र’ हुकण्याचा धोका असतो, आणि मग गडचिरोलीच्या डोंगरांतील ‘दऱ्या’ वाचकासमोर ‘दर्या’ होऊन येतात. हे मुद्रितशोधन माणसानेच करायचे असते, ते कितीही कंटाळवाणे असले तरी.

मजकूर असा शुद्ध झाला की रूप बदलणे तुलनेने सोपे असते. डेव्ह शे यांनी २००३ मध्ये ‘सीएसएस झेन गार्डन’ या उपक्रमात एकच मजकूर कायम ठेवून केवळ शैलीपत्रक, म्हणजे रंग, अंतरे आणि अक्षराकार ठरवणारी वेगळी फाईल, बदलल्याने पान किती निराळे दिसू शकते हे दाखवले. आणि २०१० मध्ये इथन मार्कोट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेणाऱ्या मांडणीची संकल्पना मांडली. आज बहुतेक वाचन मोबाईलवर होत असताना तिच्याखेरीज नूतनीकरणाला अर्थ उरत नाही. अक्षरांसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचा ‘मुक्ता’ हा मुक्त परवान्याचा फॉन्ट घेता येतो, ज्यात जोडाक्षरे लहान आकारातही स्वच्छ वाचता येतात.

राहिला पत्त्याचा प्रश्न. १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘जिओसिटीज’ने असंख्य लोकांना फुकट जागा दिली, त्यावर वैयक्तिक पानांची एक पिढी उभी राहिली, आणि २००९ मध्ये ती सेवा बंद होताच ज्यांच्याजवळ स्वतःची प्रत नव्हती त्यांतील अनेकांचे लेखन तिच्यासोबतच गेले. संकेतस्थळाचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, आपल्याच नावे नोंदवलेले असले तर जागा बदलली तरी पत्ता तोच राहतो. नव्या मांडणीत लेखांचे जुने दुवेही शक्यतो मोडू नयेत, कारण ते इतरांच्या लेखनात आधीच उद्धृत झालेले असतात. आपल्या संकेतस्थळावरील बल्लारपूरच्या किल्ल्याविषयीचा मूळ लेख प्रथम रूपांतरासाठी घ्यावा, हे इष्ट. त्यात रफार आणि जोडाक्षरे पुष्कळ आहेत, तेव्हा परिवर्तकाची परीक्षा तिथेच होईल.